जाळीच्या कापडाची बारा दुपटी

तुमच्या हातात नुकताच रिपोर्ट पडला असेल आणि कुणीतरी 'पॉझिटिव्ह राहा' असं सांगून गेलं असेल, तर आधी त्या माणसाला मनातल्या मनात एक शिवी द्या. माझ्यातर्फे द्या. मग पुढं वाचा.

मी सहा केमो घेतल्या. लोक आजारपणाला लढाई म्हणतात. मला ती नुसती रांग वाटली. केसपेपरची रांग, रक्त द्यायची रांग, सलाइनच्या खुर्चीची रांग. रांगेत शूरपणा दाखवायला जागा नसते, उभं राहायचं असतं. मला बरं कशानं वाटलं म्हणाल तर भाताच्या पेजेनं, आणि दुपारी कुणी भेटायला न आल्यानं.

माझं नाव मंदाकिनी, गावात मंदाबाई. मुळशी धरणाच्या कडेला आमचं घर आहे, थोडी भातखाचरं आहेत, आणि शनिवार-रविवारी पुण्याच्या लोकांना भाड्यानं द्यायच्या दोन खोल्या. त्याआधी एकोणीस वर्षं मी गावाबाहेरच्या जाळीच्या कारखान्यात होते, शेवटी शेवटी शिलाईखात्याची सुपरवायझर. वरातीत डोक्यावर घ्यायच्या त्या गॅसबत्त्या आठवतात? त्यांच्यात जी पांढरी जाळी पेटायची, ती आम्ही बनवायचो. कारखाना बंद पडून आठ वर्षं झाली. पण त्याला सोडून मला माझं आजारपण सांगता येत नाही, म्हणून आधी त्याचं नाव काढलं.

गाठ

मानेला तेल लावताना गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून तीन महिने तिच्याकडं लक्ष दिलं नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी डॉक्टरकडं जायची आमच्याकडं रीत नाही. मग काखेत दुसरी लागली. पौडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या संपल्यावर पुण्याला चिठ्ठी दिली.

पुण्याच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला आणि सांगितलं. लिम्फोमा. हा शब्द मला तेव्हा नीट म्हणताही आला नाही. मी काही बोलण्याआधीच ह्यांनी विचारलं, "मासे चालतील का हिला?"

तीस वर्षांचा संसार आहे आमचा. हा माणूस घाबरला की जेवणाचं विचारतो, हे मला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंना माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "चालतील, नीट शिजवून."

येताना दिराची गाडी होती. माझा दीर पाहुण्यांना ताम्हिणीपर्यंत फिरवून आणायचं काम करतो, त्या दिवशी त्यानं ते बुडवलं होतं.  पौडला ह्यांनी भजी घेतली आणि आम्ही तिघांनी ती गाडीत बसून खाल्ली. मला स्वतःची लाज वाटली, पण भूक लागली होती. रिपोर्टच्या दिवशी तुम्हालाही भूक लागली तर खा. त्यात काही चुकीचं नाही.

पांढरे कपडेवाले

त्याच आठवड्यात कारखान्याचं गंजलेलं फाटक उघडलं. जागा विकायची होती, आणि विकण्याआधी ती साफ करायची होती. साफ म्हणजे आपण दिवाळीत करतो तसं नाही. पांढरे कपडे, दुहेरी हातमोजे, तोंडावर मुखवटा घातलेली माणसं आत गेली आणि भिंतीचा गिलावा खरवडायला लागली. खरवडायचं, मीटर लावायचा, मीटर टिकटिक करतोय तोवर पुन्हा खरवडायचं. निघालेलं सगळं पिंपांत भरून झाकण ठोकायचं. गावात लगेच आवई उठली की आम्ही तिथं बॉम्ब बनवत होतो. एकोणीस वर्षं बॉम्ब बनवले असते तर निदान पगार तरी बरा मिळाला असता.

खरं काय ते मलाही तेव्हाच कळलं. जाळीचं कापड ज्या पाण्यात बुडवायचे त्यात थोरियम नावाचं द्रव्य होतं. त्यानं जाळी झगझगीत जळायची, आणि त्यातूनच न दिसणारे किरण निघायचे, ज्यांच्यावर तो मीटर वाजायचा. बुडवायच्या खोलीच्या दारावर पिवळी पाटी होती. खाली इंग्रजी अक्षरं, वर तीन पात्यांचं चित्र. आम्हाला वाटायचं, पंखा चालू ठेवा असं म्हणतात. आम्ही अगदी न चुकता पंखा चालू ठेवायचो.

मी पुण्याला सलाइन लावून घ्यायची, परत येताना गाडीतून ती पांढरी माणसं दिसायची. माझं औषध लावणारी नर्सही दुहेरी हातमोजे घालायची. तिकडं कारखाना साफ करत होते, इकडं मला. दोन्हीकडं सुरुवातच उशिरा झाली होती.

मीटर

दुसऱ्या केमोनंतर केस गेले. मी पडवीत खाटेवर पडून असायची. जाऊबाई, म्हणजे त्याच दिराची बायको सुलोचना, रोज भाकरी पाठवायची. मला स्वयंपाकाचा वास सहन होत नव्हता आणि ह्यांना चहापलीकडं काही येत नाही.

एक दिवस त्या कामावरचा इंजिनिअर आला. निखिल नाव, नागपूरकडचा, बोलायला नम्र. कारखान्यातल्या धुण्याच्या पाण्याची जुनी नाली कुठून जायची, हे त्याला विचारायचं होतं. कुणीतरी सुपरवायझरबाईंचं घर दाखवलं. त्याच्या कमरेला मीटर होता. वाटेत ओढ्याकाठची माती तपासत आला होता, बंद करायचा राहिला होता.

तो खाटेजवळ आला आणि मीटर वाजायला लागला.

मला वाटलं, माझ्यामुळं वाजतोय. गाठी वाजतायत. हे दारातच थांबले. निखिल खाली वाकला, मीटर माझ्या डोक्यापाशी नेला, तो हळू झाला. पायाशी नेला, टिकटिक वाढली. मग त्यानं माझ्या पायांवरची गोधडी अलगद उचलून अंगणात नेली. टिकटिक तिच्याबरोबर गेली.

"काकू, ही कशाची आहे?"

सांगते कशाची ते. वरून सासूबाईंचं जुनं लुगडं, आणि आत कारखान्यातली नापास जाळी.

आमच्याकडं पावसाळ्यात चार महिने कपडा वाळत नाही. घरात तान्हं बाळ असलं की बायका रडकुंडीला येतात. बाळाला जुन्या लुगड्याचं दुपटं लागतं, मऊ, पण लुगड्याचे चार पदर घातले की ते चुलीवरच्या दांडीवर टाकूनसुद्धा दोन दिवस ओलं राहतं. जाळीचं कापड विणलेलं, भोकाभोकांचं. पिळलं की पाणी गेलंच. नापास मालाची पोती जाळायला जायची. किल्ली माझ्याकडं असायची. एवढं चांगलं कापड जाळायचं, हे माझ्या जिवाला पटेना. मी ते घरी आणलं, पाच पाण्यांतून धुतलं आणि लुगड्याच्या दोन पदरांत घालून दुपटी शिवली. सकाळी धुतलेलं दुपारी बाळाखाली. माझं केवढं नाव झालं होतं त्यानं! बारशाला कुणी सोनं आणो की झबलं, लोक विचारायचे, मंदाबाईचं दुपटं आलं का?

"एकच आहे," मी निखिलला म्हणाले. "ही एवढीच शिवली होती."

त्यानं गोधडी जाड पिशवीत भरली, सही घेतली आणि गेला. खरं तर मी बारा दुपटी शिवली होती. अकरा गावात आणि वरच्या वाडीत, बारावं, कारखाना बंद झाल्यावर घरी उरलेल्या जाळीचं, माझ्या नातीला.

फोन

पुढच्या खेपेला मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मला हे त्याच्यामुळं झालं का?"

 "सांगता येत नाही," म्हणाल्या. "त्या कारखान्यात कधीच पाऊल न टाकलेल्यांनाही हा आजार होतो. झालाच असेल असं मी म्हणणार नाही, झालाच नसेल असंही नाही."

प्रामाणिक बाई. पण त्या उत्तरावर झोप लागत नाही. मला माझी तेवढी काळजी नव्हती, मी तर खुर्चीत बसलेलीच होते. मला दिसायची ती दुपट्यात गुंडाळलेली तोंडं. त्यातलं एक आमच्या सईचं.

माझी मुलगी अश्विनी हिंजवडीला असते, दोघंही नोकरी करतात. सई पाच वर्षांची आहे. मी फोन केला की अश्विनी सांगायची, "झोपलीय गं, तुझंच दुपटं घेऊन." पाच वर्षं हे ऐकून मी मनातून फुगत होते. आता तेच वाक्य कानांत नको वाटत होतं. चार दिवस फोन हातात घेऊन खाली ठेवला. पाचव्या दिवशी सांगून टाकलं, सगळं.

 मग अश्विनी रडायला लागली. "आई, रागावू नकोस. ते दुपटं मी केव्हाच टाकून दिलं."

"टाकलंस?"

"सई दहा दिवसांची होती तेव्हा. त्याला धुराचा वास यायचा, आणि डॉक्टर म्हणाले जुने कपडे नकोत. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

माझ्या हातचं दुपटं कचऱ्यात गेलं होतं, आणि मी देवाला हात जोडत होते. इतक्या आनंदानं अपमान मी कधी गिळला नव्हता.

ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सुटलो बघ. आता गप बस. तुझी गत काय हाय, त्यात गावाशी वैर कुटं घेतीस? सुलोचनाच्या दोन्ही नातवंडांना तूच दिलंयस. उद्या गाडी कोन दील पुन्याला न्यायला? भाकरी कोन धाडील?"

आणि मी गप बसले. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. दमलेल्या माणसाला भित्रं व्हायला वेळ लागत नाही. तिसरी केमो झाली. तोंडात फोड आले, जिभेला पाणीसुद्धा झोंबायचं. सुलोचना भाकरी कुस्करून, ताकात कालवून पाठवायला लागली. मी ती खात होते.

जनी

वरच्या वाडीवरची जनी कारखान्यात झाडलोट करायची. आता मिळेल त्या मजुरीला जाते. चौथ्या केमोच्या आधी ती आली, फडक्यात खेकडे बांधून.

"दादा, रस्सा करून पाजा बाईला. अंगात ताकद येती." मग माझ्याकडं वळली. "बाई, केस जाऊ द्यात. भोपळ्यावानी दिसता, पर ग्वाड दिसता."

कितीतरी दिवसांनी हसले. तोंडातले फोड ताणले गेले तरी हसले. जनी खाटेच्या पायाशी बसली आणि घरचं सांगायला लागली. सून पोटुशी होती.

"तुमचं दुपटं ठिवलंय बगा तिच्यासाटी. धाकट्या ल्योकाचं झालं त्येच्यात, ल्येकीच्या दोन पोरांचं झालं. पेटीत घालून ठिवलंय, डांबराच्या गोळ्या टाकून. आजून नव्यावानी हाय."

माझ्या पोटच्या मुलीनं जे दहा दिवसांत फेकलं, ते जनीनं पेटीत जपून ठेवलं होतं. ज्यांनी माझा मान राखला त्यांच्याच घरात ते राहिलं.  ह्यांनी दारातून डोळ्यांनी खुणावलं, पण आता माझ्याच्यानं थांबवेना.

"जनी, त्ये दुपटं वापरू नको."

"का वं?"

मी सांगितलं. जाळी, थोरियम, मीटर. 

"म्हंजे तुमाला ह्येच्यानंच झालं व्हय?"

"म्हाईत न्हाई. डाक्टर म्हनत्यात सांगता येत न्हाई."

"आन माजी पोरं?"

"त्येबी सांगता येत न्हाई गं."

"शिवताना तुमाला म्हाईत हुतं?"

"न्हाई. आईशप्पत न्हाई."

"मग कळलं कवा?"

"म्हैना झाला."

जनीनं माझ्याकडं बघितलं. "म्हैनाभर तोंड का शिवलं हुतं, बाई?"

 ती उठली, लुगडं झटकलं आणि निघून गेली. खेकडे मात्र ठेवून गेली.

ओटा

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना कागद घ्यायला लावला आणि अकरा दुपटी ज्या घरांत गेली त्यांची नावं सांगितली. हे लिहीत गेले. लिहून झाल्यावर म्हणाले, "मी जातो घरोघर. तू नगं." महिनाभरात त्यांना पहिल्यांदा माझ्याशी भांडावंसं वाटलं नाही, आणि मलाही.

निखिलनं समाजमंदिराच्या ओट्यावर टेबल मांडलं. मी डोक्याला रुमाल बांधून शेजारी खुर्चीत बसले. तो म्हणाला होता, काकू, तुम्ही यायची गरज नाही. पण दुपटी देताना मी दारोदार मिरवत गेले होते. परत घेताना घरात लपणं बरं दिसलं नसतं.

बायका आल्या, पिशव्यांत घालून घेऊन. प्रत्येक दुपट्यावर मीटर वाजला. एकाला गोठ्याचा वास होता, वासराला पांघरायला काढलं होतं. त्या घरच्या बाईलाच माझ्यापुढं लाज वाटली.  निखिल प्रत्येकीला तेच सांगत होता, लगेच काही होण्याइतकं हे नाही, पण घरात ठेवायची ही वस्तू नाही. पोरांची नावं लिहून घेतली, डॉक्टर येऊन तपासून जातील म्हणाला. आले, तपासून गेले, सगळी ठीक आहेत म्हणाले. पुढचं त्यांनीही लिहून दिलं नाही.

सुलोचनानं दोन्ही दुपटी माझ्या पायाशी टाकली.

"माज्या नातवंडास्नी गुंडाळलंस ह्येच्यात."

"मला म्हाईत न्हवतं, सुले."

"म्हैनाभर म्हाईत हुतं. भाकरी ग्वाड लागत हुती न्हवं?"

मग तिनं निखिलला विचारलं, वरचं लुगडं तेवढं उसवून घेऊ का, आमच्या सासूचं आहे. तो नाही म्हणाला. दोघींच्या सासूचं लुगडं पिंपात गेलं आणि आम्ही दोघी दोन दिशांना बघत राहिलो.

जनी सगळ्यात शेवटी आली. टेबलावर दुपटं ठेवलं. डांबराच्या गोळीचा वास आला. माझ्याकडं न बघता गेली.

भाकरी बंद झाली. चौथ्या केमोला मात्र दीर गाडी घेऊन दारात उभा होता. पुण्यापर्यंत बोलला नाही, पण माझ्यासाठी उशी आणली होती. ह्यांनी भाकरी करायला घेतली. पहिल्या आठवड्यातल्या भाकरीनं खिळा ठोकता आला असता. सहाव्या केमोपर्यंत त्यांना बऱ्यापैकी जमायला लागली.

रिकामी जागा

सहावी केमो झाली, स्कॅन झाला. गाठी गेल्या. परत येणार नाहीत असं कुणी सांगत नाही, दर तीन महिन्यांनी जाऊन दाखवायचं. तुम्हालाही हेच सांगतील. त्यावर चिडू नका. निदान खोटं तरी बोलत नाहीत. दमणूक मात्र गाठींबरोबर जात नाही. पाण्याची कळशी उचलली की बसावं लागतं. हातापायांची बोटं बधिर आहेत, चहाचा कप धरलाय की नाही ते बघून ठरवावं लागतं.

कारखान्यात आता मीटर वाजत नाही. फरशी उखडली, माती काढली, पिंपं ताडपत्री टाकून ट्रकनं गेली. आमच्या घरावरूनच गेली. मी पडवीत बसून बघत होते. कोणत्या पिंपात आमची दुपटी होती कोण जाणे.

सहाव्या केमोवरून आले त्या सोमवारी दाराशी ताट झाकून ठेवलेलं होतं. खाली तांदळाची भाकरी. सुलोचना अजून माझ्याशी बोलत नाही, ताट मात्र दर सोमवारी येतं.

आणि भातलावणी आटोपल्यावर जनी आली. काखेत विटलेलं हिरवं लुगडं.

"सून बाळंत झाली. पोरगी हाय. दुपटं शिवा."

मी बोटं पुढं केली. "माज्या बोटांना सुई कळत न्हाई गं आता."

"मी ववून दीन. माज्या लुगड्याचं शिवा. मदी काय घालू नगा."

"न्हाई घालत."

ती समोर पाय पसरून बसली. मी प्रत्येक पदर उलगडून दाखवला, झटकला आणि मगच अंथरला. तिनं प्रत्येक पदरावरून हात फिरवून बघितला. बोटाला सुई टोचून रक्त आलं तेही मला तिनंच सांगितलं. दोन दिवस लागले. धावदोरा वाकडातिकडा गेलाय, असं शिवण पूर्वी मी नापास केलं असतं. शिवून होईपर्यंत जनी समोरून हलली नाही.

काल रस्त्यात भेटली. पाऊस धरलेला होता.

"बाई, लई जड झालंय त्ये. दोन दोन दिस वाळत न्हाई."

"मग आजून एक लुगडं आन," मी म्हटलं.

"आनती," जनी म्हणाली.